मुक्त स्रोत बिनतारी मेश जाळे

एकमेकांचे संदेश पुढे पोचवणाऱ्या राउटरांचे, खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारे जाळे. घरच्या वायफायमध्ये सगळे फोन एकाच राउटरवर विसंबून असतात. मेशमधला प्रत्येक राउटर, म्हणजे नोड, शेजाऱ्याचेही टपाल वाहतो. एक बंद पडला तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो.

वाट शोधण्यासाठी बॅटमॅन, ओएलएसआर, बाबेल असे प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी आपसात पाळायचे नियम, आहेत. बॅटमॅन जर्मनीतील फ्रायफुंक या नागरिकांच्या जाळ्यातून घडला आणि २०११ पासून लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या गाभ्यात आहे. त्यात प्रत्येक नोड ठरावीक वेळाने ‘मी आहे’ अशी हाक देतो, शेजारी ती पुढे पोचवतात. कोणाची हाक कोणत्या शेजाऱ्याकडून भरवशाने येते, एवढेच नोड ध्यानात ठेवतो. पूर्ण नकाशा कोणाजवळच नसतो. खेड्यात पत्ता विचारला की पारावरचा माणूस ‘समोर मारुतीच्या देवळापाशी इचारा’ म्हणतो आणि तसेच विचारत आपण घरी पोचतो, तसे हे आहे.

विदर्भात खरी परीक्षा जागेची. वऱ्हाडातल्या सपाट कपाशीच्या पट्ट्यात पाण्याच्या टाकीवर अँटेना चढवली की काम सोपे होते. मेळघाटात डोंगर आड येतो आणि साग फसवतो. एप्रिलमध्ये पाने गळालेली असताना जी जोडणी उत्तम चालते, तीच जुलैत रडते, कारण सागाची रुंद, ओली पाने वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतात. म्हणून जोडणी पावसाळ्यातच तपासावी. समोरची अँटेना दिसली म्हणजे झाले, असेही नाही. दोन अँटेनांमध्ये लहरी एका फुगीर पट्ट्यातून जातात. २ किमी अंतरावर त्या पट्ट्याची मधोमध त्रिज्या सुमारे ८ मीटर भरते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मोकळा लागतो. कवेलूच्या छपरावर बांबू उभा करून हे साधत नाही. टेकडीवर सौर पॅनेलवर चालणारा मधला नोड लागतो. विजांच्या या मुलखात त्याला अर्थिंग हवेच.

एकाच रेडिओवर, म्हणजे लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या एकाच भागावर, चालणाऱ्या नोडमध्ये दर टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. दोन रेडिओ असल्यास बराच सावरतो. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली बसवता येत असेल, तर बिघाड गावातच शोधता येतो. मला ही बाब वेगापेक्षाही मोलाची वाटते.

मेश म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट एखाद्या नोडला जोडलेल्या बाहेरच्या लाइनवरून येते. ती लाइन तुटली तरी शाळेतल्या संगणकावर किविक्स या इंटरनेटविना वाचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेला मराठी विकिपीडिया गावातल्या फोनवर उघडतो.