समुद्राकाठची दोन प्रकारची भातखाचरे: उतारावरची आणि खारजमिनीतली

पावसाळा तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या भटकंतीच्या गटांवर एक छायाचित्र फिरू लागते. त्यात हिरव्या उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली भाताची खाचरे असतात आणि त्यांच्या पायथ्याशी समुद्र पसरलेला असतो. हे कोकणातले कोणते गाव, असे कोणी विचारले की उरण, पेण किंवा अलिबागकडचे एखादे नाव पुढे येते. ते छायाचित्र बहुधा जपानमधल्या शिरोयोने सेनमाइदा या पायऱ्यांच्या भातशेतीचे असते. उरण-पेण-अलिबागच्या पट्ट्यात समुद्राला लागून भात पिकतो हे खरेच आहे, पण तो खारजमिनीत, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत पिकतो आणि त्या शेतीची रचना छायाचित्रातल्या शेतीच्या जवळजवळ उलट आहे. जुलैत दोन्हीकडे चौकटी, पाणी आणि हिरवे रोप दिसते, त्यामुळे घोळ होणे स्वाभाविक आहे. मात्र सहलीचा बेत आखणाऱ्याने तो आधी निस्तरावा, कारण कुठे उभे राहायचे, कोणत्या महिन्यात जायचे आणि कशाला पाय लावायचा नाही, हे सगळे त्यावर ठरते.

शिरोयोने सेनमाइदा जपानच्या इशिकावा प्रांतात, नोतो द्वीपकल्पावरच्या वाजिमा शहराच्या हद्दीत आहे. जपानच्या समुद्राकडे तोंड करून उतरणाऱ्या सुमारे 4 हेक्टर टेकडीवर 1004 खाचरे आहेत, म्हणजे एका खाचराच्या वाट्याला सरासरी अर्धा गुंठाही येत नाही. इतक्या लहान तुकड्यांत यंत्र फिरत नाही, म्हणून लावणी आणि कापणी हातानेच होते. पाणी वरच्या डोंगरातून पाटाने येते, सर्वांत वरच्या खाचरात शिरते आणि तिथून खाचरामागून खाचर भरत खाली उतरते. प्रत्येक बांधाचे काम एकच, ते गोडे पाणी अडवून धरणे. समुद्र खाली असतो. त्याचा खारा वारा पिकाला त्रास देतो, पण त्याचे पाणी शेतात चढत नाही.

खारजमिनीत हे गणित उलटे होते. इथली शेते भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली असतात, आणि बाहेरचा मोठा बांध, म्हणजे बाहेरकाठा, खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला असतो. आतल्या शेतांना लहान बांध असतातच व ते पावसाचे पाणी धरतात, परंतु ही शेती टिकते ती बाहेरकाठ्यावर. त्यात जागोजागी उघाड्या, म्हणजे झडपेची दारे, बसवलेल्या असतात. ओहोटीला खाडीची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते आणि साचलेले पाणी निघून जाते. भरती चढू लागली की खाडीचेच पाणी झडप दाबून बंद करते. नवी मुंबईकरांना हे तंत्र शिकायला पेणला जाण्याची गरज नाही. सिडकोने सखल जमिनीवर शहर वसवताना जे धारण तलाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले होल्डिंग पाँड बांधले, ते याच तत्त्वावर चालतात. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत सोडले जाते. या शहराच्या कितीतरी भागाखाली खारजमीन आणि मिठागरेच होती, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटत नाही.

खारजमिनीत भात कसा येतो, हा प्रश्न उरतो. जून-जुलैच्या सरींनी वरच्या थरातले मीठ धुऊन खाली किंवा उघाडीवाटे बाहेर जाते, आणि त्यानंतरच पीक धरते. बियाणेही सोसणारे लागते. लाल तांदळाचा राता हा इथला जुना वाण आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल 1, पनवेल 2 आणि पनवेल 3 असे क्षार सोसणारे वाण दिले. पाऊस संपला की उन्हाने जमिनीतला ओलावा वर खेचला जातो आणि त्याच्याबरोबर मीठही पृष्ठभागावर येते, त्यामुळे वर्षाकाठी भाताचे हे एकच पीक हाती लागते. खारेपाटात, म्हणजे खारजमिनीच्या या पट्ट्यात, घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा पाळण्याची रीत आहे, ती याच जमिनीच्या स्वभावाला धरून आलेली दिसते. एवढ्या लांबीचा बाहेरकाठा राखणे एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. म्हणूनच 1948 सालीच मुंबई प्रांतात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला.

मग आपल्या किनाऱ्याला शिरोयोनेसारख्या पायऱ्या का दिसत नाहीत? कोकणात उतारावर खाचरे पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक आतल्या दऱ्यांत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर-मुरबाडकडे आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्रावर उभा असतो तो जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. त्यातून पाणी झिरपून जाते, म्हणून सड्यावर आंबा-काजू आणि मधल्या वहाळाच्या काठी भात, अशी वाटणी झालेली आहे. शिरोयोनेचा उतार मुळात दरड सरकून तयार झालेला आहे. अशा जागी माती पाणी धरते, त्यामुळे पायऱ्या करता येतात. मात्र जमीन पुन्हा सरकण्याची भीतीही कायम राहते.

ती भीती खरी ठरली. 1 जानेवारी 2024 रोजी नोतोमध्ये 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला, सेनमाइदाच्या खाचरांना भेगा पडल्या, आणि त्या वर्षी 1004 पैकी सुमारे 120 खाचरांतच लावणी होऊ शकली. सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पुन्हा नुकसान केले. खारजमिनीवरचे संकट वेगळे असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मोठा पाऊस एकत्र आले की बाहेरकाठ्याला खांड जाते, म्हणजे तो फुटतो, आणि खारे पाणी आत शिरते. भेग बुजवली की पायरी पुन्हा पाणी धरू लागते. खाऱ्या पाण्याने बुडालेले शेत मात्र पावसाने मीठ धुऊन काढेपर्यंत नापीक राहते. खांड वेळेवर बुजली नाही तर तिथे खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते शेत परत मिळवणे फार अवघड होते. माझ्या मते या दोन नुकसानींत खारशेतीचे नुकसान अधिक गंभीर आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते.

आता पाहण्याविषयी. शिरोयोनेला वरच्या रस्त्यालगत थांबण्याची जागा आहे आणि तिथून सगळा उतार एका नजरेत येतो. लावणीच्या सुमारास, म्हणजे मे महिन्यात, पाण्याने भरलेल्या खाचरांत मावळतीचा प्रकाश उतरतो. कापणी सप्टेंबरात आटोपते. हिवाळ्यात बांधांवर सौर दिवे लावण्याचा उपक्रम 2011 पासून सुरू झाला. भूकंपानंतर रस्ते आणि सोयी यांची स्थिती बदलत राहिली आहे, म्हणून जाण्यापूर्वी वाजिमाच्या पर्यटन कार्यालयाकडे चौकशी करावी. टोकियोहून एका दिवसात जाऊन येता येते असे कोणी सांगितले, तर ते बहुधा चिबा प्रांतातल्या ओयामा सेनमाइदाविषयी बोलत असतात. तीही सुंदर आहे आणि तिची 375 खाचरे निव्वळ पावसाच्या पाण्यावर चालतात, पण ती समुद्राच्या कडेला नाही.

खारजमीन सपाट असल्याने तिथे उंचावरून एका नजरेत सामावणारे दृश्य शोधू नये. ऑगस्टमध्ये, पाऊस उघडलेला असताना पेण-अलिबागच्या वाटेवर थांबून ती पाहावी आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून निघावे, कारण ओहोटी लागल्यावर उघाडी चालू स्थितीत दिसते. बाहेरकाठ्यावर मोटारसायकल नेऊ नये आणि गर्दीने चालू नये. खेकड्यांच्या बिळांनी तो आधीच पोखरलेला असतो, आणि एरवी किरकोळ वाटणारी गळती पुढच्या उधाणाला खांड होऊन बसते. शिरोयोनेतही आखून दिलेल्या वाटेवरूनच फिरावे. तिथला बांध एका पावलाएवढा अरुंद असतो आणि तो ढासळला की खालच्या खाचराचेही नुकसान होते.