बेतण्याआधी काटा थांबू दे

नौपाड्यातल्या आमच्या टेलरकाकांनी माझ्या मावसबहिणीचे दोन ब्लाउज पीस न शिवताच ठेवून घेतले. "आधीचे तीन आत घेऊन घेऊन बाहीचा आकार गेला. तुमचं वजन कुठेतरी थांबू दे, मग बेततो." ती हिरमुसून घरी आली. पुढच्याच आठवड्यात वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा काढून घ्यायची म्हणून प्लास्टिक सर्जनकडे गेली, तर त्यांनीही जवळपास हेच सांगितलं.

तिचं वजन ११८ किलो होतं. जठराचा मोठा भाग काढून टाकणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आणि दहा महिन्यांत ते ७८ वर आलं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, ठाणे स्टेशनचा पूल धाप न लागता चढता यायला लागला. पण पोटावर, दंडांवर, मांड्यांवर त्वचा लोंबायला लागली. पोटाची घडी तर थेट मांडीवर टेकायची. त्या घडीत ती जुन्या मलमलच्या साडीची पट्टी सारून ऑफिसला निघायची. सप्टेंबरच्या दमट हवेत सीएसएमटी येईपर्यंत पट्टी ओली झालेली असायची आणि संध्याकाळी तिथली त्वचा लालभडक. हवा नाही, ऊन नाही, घाम आणि घर्षण दोन्ही आहे, अशी जागा बुरशीला हवीच असते. "ताई, चाळीस किलो गेले, पण कपडे बदलताना मी आरशाकडे बघत नाही," असं ती एकदा म्हणाली. मग तिची घाई मला समजली.

त्वचा पुन्हा आवळून का येत नाही? आपल्या त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलास्टिन असे दोन मुख्य धागे असतात. कोलॅजेनमुळे ती मजबूत राहते, इलास्टिनमुळे ताणल्यावर परत जागेवर येते. गंमत अशी की इलास्टिन बहुतेक सगळं जन्माआधी आणि लहानपणीच तयार होतं. मोठेपणी शरीर ते फारसं नव्याने बनवत नाही, आणि जे बनवतं ते पूर्वीइतकं नीट विणलेलं नसतं. वर्षानुवर्षं ताणलेल्या त्वचेत हे धागे तुटतात. पोटावर दिसणारे पांढरट वळ म्हणजे याच तुटीच्या खुणा. परकराच्या इलास्टिकचं होतं तेच. फरक एवढाच की ते दहा रुपयांत बदलता येतं.

म्हणूनच 'त्वचा घट्ट करणाऱ्या' क्रीमवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो त्वचेतून आत शिरतच नाही. व्यायामाने स्नायू भरतात, दंडाला थोडा फायदा होतो. पण मांडीवर टेकलेली घडी उपवन तलावाला कितीही फेऱ्या मारल्या तरी वर जात नाही. वजन उतरल्यानंतरचं वर्षभर त्वचा थोडीफार आकसते. वय कमी असेल, लठ्ठपणा थोड्याच वर्षांचा असेल तर जरा जास्त. त्यापुढे फार आशा नाही.

आता काका आणि सर्जन यांच्यातला फरक. काका ब्लाउज बेतताना शिवणीत माया ठेवतात. उद्या अंग भरलं तर टाके उसवून तेवढं कापड बाहेर काढता येतं. सर्जनला माया ठेवता येत नाही. रुग्णाला उभं करून तो मार्करने रेघा आखतो, त्वचा चिमटीत धरून किती निघेल ते बघतो आणि उरलेली त्वचा ताणून शिवतो. जी थोडी ढिली ठेवाल ती ढिलीच राहणार. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर आणखी दहा किलो उतरले, तर पोट पुन्हा लोंबतं. उलट वजन वाढलं, तर त्वचा पुन्हा ताणते आणि व्रण रुंदावतो.

स्लीव्ह किंवा जठराच्या बायपासनंतर पहिले सहा महिने वजन झपाट्याने उतरतं, मग वेग मंदावतो आणि साधारण १२ ते १८ महिन्यांत काटा एका जागी येतो. म्हणून सर्जन इतके महिने थांबायला सांगतात. पण नुसतं कॅलेंडर पुरत नाही. वजन ३ ते ६ महिने जवळपास तेच हवं, म्हणजे महिन्याकाठी चढउतार झालाच तर साधारण दोन किलोंच्या आत. डाएट आणि व्यायामाने वजन उतरवणाऱ्यांनाही हाच नियम. त्यांना फक्त १८ महिन्यांचा आकडा लागू नाही, काटा थांबल्यापासून मोजायचं.

वाट बघण्यामागे दुसरं कारण आहे. त्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. वजन भराभर उतरत असताना शरीर आपलीच साठवण खात असतं. अशा वेळी कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छेद घेतला, तर तो भरून काढायला प्रथिनं आणायची कुठून? स्लीव्हनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर दहा. आणि बहिणीचं पोट अर्ध्या वाटी वरणात भरतं! त्यात तिचे गुरुवार, चतुर्थ्या, श्रावण. लोह, बी-१२, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व, जस्त यांचाही तुटवडा या रुग्णांत नेहमी दिसतो. कोलॅजेन विणायला लोह आणि क जीवनसत्त्व दोन्ही लागतात. रक्त कमी असेल तर जखमेला प्राणवायू पुरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बघतात. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर अनुभवी सर्जन सहसा तारीख देत नाहीत. मधुमेह असेल तर तोही काबूत हवा.

इथेच तंबाखूचा विषय येतो. पोटाची त्वचा खालच्या स्नायूंपासून सोडवून ओढली की तिला रक्त फक्त कडेच्या बारीक वाहिन्यांतून मिळतं. निकोटीन नेमक्या त्याच आकसवतं, आणि टाक्यांची कड काळी पडून उसवते. किमान चार आठवडे आधी बंद म्हणजे बंद. सिगारेट ओढत नाही असं सांगणाऱ्या बायका सकाळी दाताला मिश्री लावतात. तीही तंबाखूच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं.

अलीकडे या हिशेबात आणखी एक गुंता आलाय. २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची, वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घटलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे इंजेक्शन चालू असताना थांबलेला काटा खरा की बंद केल्यावरचा? माझ्या मते, औषध पुढे चालवायचं की नाही हे ठरल्याशिवाय त्वचेला हात लावू नये. शिवाय या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. भूल देताना ते धोक्याचं असतं, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवं.

प्रत्येकाने थांबायलाच हवं असंही नाही. घडीत वारंवार जखमा होत असतील, चालणं अवघड झालं असेल, तर सर्जन लोंबणारा भाग आधीच काढतात. त्यात बेंबी नव्याने बसवणं, सैल झालेले स्नायू आवळणं वगैरे नसतं. वजन जास्त असताना जखमेत पाणी साचण्याचा, टाके उसवण्याचा धोका वाढतो हे मात्र गृहीत धरावं लागतं. उलट मूल हवं असेल तर पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतरच बरी.

पोट, दंड, मांड्या सगळं एकदम सहसा करत नाहीत. बहुधा पोटापासून सुरुवात, मग काही महिन्यांनी पुढचं. नंतर बरेच आठवडे घट्ट पट्टा घालायचा असतो, महिना दीड महिना वजन उचलायचं नाही. तीन महिन्यांनीही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या ८० टक्क्यांच्या आसपासच असते. ठाण्याच्या मे महिन्यात तो पट्टा घालून बघा! दिवाळीनंतरची तारीख मिळाली तर घ्यावी. वैद्यकीय कारण नाही, पण माणूस सुखात राहतो. विम्याचं म्हणाल तर निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्यात सहसा बसत नाही. घडीतल्या जखमांची नोंद आणि फोटो डॉक्टरांच्या फाइलमध्ये असतील, तर निदान भांडायला आधार राहतो.

बहिणीच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर शेवटचे चार आकडे आहेत: ७१.४, ७१.९, ७१.२, ७१.६. सतरावा महिना. वजनाच्या परीक्षेत पास झाली, पण हिमोग्लोबिन ९.८ निघालं आणि सर्जननी लोहाच्या गोळ्या लिहून दोन महिन्यांनी यायला सांगितलं. ती चिडली, मग ऑफिसच्या डब्यात मोड आलेली मटकी न्यायला लागली. ब्लाउज पीस अजून टेलरकाकांच्या कपाटात आहेत. परवा काकांनी विचारलंही, "थांबला का काटा?"

"काटा थांबलाय," ती म्हणाली, "आता रक्त चढायचंय."