स्लिप आणि स्किड: फायनलच्या वळणावर दोन्हींतला फरक ओळखा

नाशिकमध्ये रिव्हेट मारणारे, पत्रा वळवणारे हात भरपूर आहेत. ओझरला १९६४ पासून एचएएलचा विमान कारखाना आहे आणि सातपूर-अंबडला एमआयडीसी आहे. त्यामुळे सुट्या भागांच्या किटमधून स्वतःच विमान जोडायला घेतलं की बांधणीतली अडचण विचारायला माणूस सापडतो. उडवण्याच्या शंका मात्र अर्धवटच राहतात, आणि मला सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो तो स्लिप आणि स्किडबद्दल. दोन्हींत विमानाचं नाक एकीकडे असतं आणि विमान जात असतं दुसरीकडे. दोन्हींत पॅनेलवरच्या वाकड्या काचनळीतला बॉल मधल्या दोन रेघांबाहेर जातो. म्हणून बरेच जण दोन्ही सारखेच धरून चालतात. पण स्लिप हे कामाचं हत्यार आहे, आणि जमिनीजवळचं स्किड जीव घेतं.

डावं वळण डोळ्यांसमोर आणा. विमान डावीकडे कललं, पण त्या मानाने डावा रडर (पायातल्या पेडलने फिरणारी शेपटीवरची उभी फळी) कमी पडला किंवा मुद्दाम उजवा दाबला, तर विमान वळणाच्या आतल्या बाजूला घसरतं. बॉल डावीकडे, म्हणजे खालच्या पंखाकडे जातो. ही झाली स्लिप. कल कमी आणि डावा रडर जास्त झाला, तर शेपूट वळणाबाहेर फेकली जाते, आपलं अंग उजवीकडे रेटलं जातं आणि बॉलही उजवीकडे जातो. हे स्किड. दुरुस्ती दोन्हींत एकच: बॉल ज्या बाजूला, त्या बाजूचं पेडल दाबायचं.

आता स्किड जीवघेणं का, ते नीट बघू. समजा धावपट्टी दक्षिणोत्तर आहे, पावसाळ्याच्या तोंडाचा पश्चिमेचा वारा सुटलाय, आणि तुम्ही डावीकडचं सर्किट (उतरण्याआधी पट्टीभोवती घ्यायचा चौकोनी फेरा) करून उत्तरेकडे तोंड करून उतरताय. बेस लेगवर, म्हणजे फायनलच्या (पट्टीच्या रेघेत सरळ उतरण्याच्या) आधीच्या आडव्या टप्प्यावर, तुम्ही पूर्वेकडे जाताय, म्हणजे वारा पाठीमागून ढकलतोय. पट्टीची रेघ अपेक्षेपेक्षा लवकर येते आणि वळण पूर्ण होण्याआधीच मागे पडते. अशा वेळी जास्त कल द्यायला मन धजत नाही, कारण जमीन जवळ दिसते. मग पाय डावा रडर दाबतो. वर्षानुवर्षं गाडीचं स्टिअरिंग फिरवलेल्या माणसाला नाक वळवलं की काम झालं असं वाटतं, ती सवय इथे उफाळून येते.

पुढचं सगळं काही सेकंदांत घडतं. बाहेरचा, म्हणजे उजवा पंख जास्त वेगाने फिरतो, त्याची उचल वाढते आणि कल आपोआप वाढायला लागतो. तो रोखायला हात स्टिक (हातातला दांडा) उजवीकडे नेतो. त्यामुळे डाव्या पंखावरचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली जातं आणि त्या भागाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढतो. नाक खाली जातंय म्हणून स्टिक मागेही ओढली जाते. आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे कोन फार वाढल्याने त्याची उचल कोसळते, आणि विमान त्याच बाजूला उलटून स्पिनमध्ये शिरतं, म्हणजे गरगरत खाली पडायला लागतं. स्पिनमधून बाहेर काढण्याची रीत कितीही पाठ असली, तरी त्या उंचीवर तिला वेळच मिळत नाही.

ज्या कलाची भीती वाटते, त्याचा हिशोबही सांगतो. उंची राखून घेतलेल्या ३० अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग साधारण ७ टक्के वाढतो, ४५ अंशांत १९ टक्के. म्हणजे बॉल मध्ये ठेवून, वेग राखून ३० अंश कल देणं हे पायाने नाक ढकलण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. तेवढ्याने पट्टी सापडत नसेल तर थ्रॉटल पुढे करून इंजिनची ताकद वाढवा आणि गो-अराउंड घ्या, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा. त्यात कमीपणा अजिबात नाही.

स्लिपमध्ये साधारण वरचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान सरळ होण्याच्या दिशेने झुकतं, म्हणून ती तुलनेने क्षमाशील. शिवाय विमानाची कूस हवेला समोर येते, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो आणि वेग न वाढवता उंची झटपट कमी करता येते. फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखाच्या फळ्या) नसलेल्या साध्या किट विमानांना तर हाच आधार. आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून उतरतो तीही स्लिपच. १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ गिमलीच्या जुन्या हवाईतळावर फार उंचावरून आलं होतं. ग्लायडरचा अनुभव असलेल्या कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी ते स्लिप करून खाली आणलं, आणि विमानातले सगळे वाचले.

किट जोडतानाच काही गोष्टी बघून ठेवा. स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र) विमानाच्या एकाच बाजूला असेल तर वेगाचा काटा एका बाजूच्या स्लिपमध्ये कमी आणि दुसऱ्या बाजूच्या स्लिपमध्ये जास्त वेग दाखवतो. दोन्ही बाजूंना पोर्ट देऊन नळ्या जोडल्या की ही चूक बरीच कमी होते. टाकीत इंधन कमी असताना लांब स्लिप केली, तर खालच्या पंखातलं इंधन टोकाकडे सरकतं आणि मुळाशी असलेलं नळीचं तोंड उघडं पडू शकतं. इंजिन मागे असेल तर समोरच्या काचेवर वीतभर लोकरीचा धागा चिकटवा, तो बॉलपेक्षाही लवकर बोलतो. फक्त त्याचं मोकळं टोक बॉलच्या उलट दिशेला जातं, म्हणून पेडल टोकाच्या विरुद्ध बाजूचं. पुढे पंखा (प्रोपेलर) असलेल्या विमानात त्याच्या झोतामुळे धागा निरुपयोगी ठरतो.

सरावासाठी नाशिकचं आकाश मोकळं नाही. ओझर, गांधीनगरचं आर्मी एव्हिएशन आणि देवळालीचा तोफखाना, सगळं जवळजवळ आहे. तेव्हा परवानगी असलेल्या ठिकाणी, स्पिनसाठी मान्य असलेल्या प्रशिक्षण विमानात, इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून भरपूर उंचीवर बेस ते फायनलचं वळण मुद्दाम चुकवून बघा. आधी स्लिपमध्ये स्टॉल करा, मग स्किडमध्ये. कोणता पंख पडला ते बघा, सावरेपर्यंत किती फूट गेले ते अल्टिमीटरवर वाचा, आणि तो आकडा आपल्या बेस लेगच्या उंचीशेजारी लिहून ठेवा.