कुंतीच्या कोंबावरचं गोल भोक

माहीमच्या आमच्या सोसायटीला कुंतीचं कुंपण आहे. पावसानंतर तिला कोवळे कोंब फुटले, की त्यांवर पिवळसर, चपटी पिल्लं दाटीनं बसतात. अंगातून पांढऱ्या मेणाचे कुरळे धागे सोडतात. ही सिट्रस सायला नावाच्या किडीची पिल्लं. कुंती, कढीपत्ता, लिंबू, संत्रं एकाच कुळातली, त्यामुळे गॅलरीतल्या लिंबावरही तीच येते. रस शोषून ती पालवी वाकडी करतेच. पण बागायतदार धास्तावतो तो ग्रीनिंग रोगामुळे. त्याचे जीवाणू हीच कीड पसरवते आणि रोग जडलेलं झाड बरं करणारा उपाय नाही.

फवारणीचा पंप उचलण्याआधी भिंग घ्या. काही पिल्लं तपकिरी पडून फांदीला घट्ट चिकटलेली दिसतील. सायला स्वतः कात टाकते तेव्हा पाठ उभी चिरते आणि मागे पांढरं, पोकळ टरफल राहतं. या तपकिरी पिल्लांना मात्र छातीपाशी सुईनं पाडावं तसं गोल भोक असतं. तिथून टॅमरिक्सिया रेडिएटा बाहेर पडलेली असते.

गांधीलमाशीच्या गोत्रातली ही माशी जेमतेम एक मिलिमीटरची. माणसाला डसत नाही. मादी मोठ्या पिल्लाच्या पोटाखाली अंडं चिकटवते. अळी खालूनच त्याचा रस शोषते, मग रेशमानं ते रिकामं कवच फांदीला डकवून आतच कोष करते. सगळं मिळून सुमारे बारा दिवस. शिवाय मादी काही पिल्लांना नुसतं टोचून त्यांचा रस पिते, तीही मरतात.

ही आपल्याच उपखंडातली. 1922 साली जेम्स वॉटरस्टन यांनी अखंड पंजाबातल्या नमुन्यांवरून तिची शास्त्रीय नोंद केली. 1978 मध्ये ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सोडली गेली आणि तिथे सायला आटोक्यात आली. 2011 मध्ये कॅलिफोर्नियानं ती पाकिस्तानी पंजाबातून नेली. परदेशी लोक जिला मुद्दाम नेऊन वाढवतात, तिला आपण घरबसल्या कीटकनाशकानं मारतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तिचा दुसरा शत्रू म्हणजे मुंग्या. पिल्लांच्या गोड, चिकट विष्ठेसाठी त्या पहारा देतात आणि माशीला हुसकावतात. म्हणून मी कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवते, फांद्या ग्रिलला टेकू देत नाही आणि ताटलीतलं पाणी डासांसाठी दर दोन दिवसांनी बदलते. काल लिंबाच्या एका कोंबावर अकरा पिल्लं होती. चारांना भोक पडलेलं होतं.