पार्श्वभूमी: खानदेशातली पाणवठा गणना आणि स्वयंसेवक

खानदेशात प्राण्यांचा माग काढण्याचं कसब संशोधनाच्या कितीतरी आधीचं आहे आणि ते शिकारीत मुरलेलं आहे. 1825 मध्ये इथे भिल्ल पलटण उभी राहिली. तिचे इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी गाजले. त्यांना वाघापर्यंत नेणारी नजर मात्र स्थानिक भिल्लांची होती. मोजणीसाठी माग काढायला सुरुवात झाली ती थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

यावल अभयारण्य 1969 मध्ये जाहीर झालं. 1972 मध्ये देशभर व्याघ्रगणना झाली आणि 1,827 हा आकडा आला. पुढची तीस-बत्तीस वर्षं ठशांच्या पद्धतीचा दबदबा राहिला. धुळीत उमटलेल्या डाव्या मागच्या पंजावर काच धरायची, काचेवर त्याची कड गिरवायची आणि ती कागदावर उतरवून घ्यायची. पण फुफाट्यात पसरट दिसणारा पंजा टणक मातीत आखडलेला दिसतो, म्हणजे एकाच वाघाचे दोन वाघ सहज होऊ शकत. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे 2005 च्या सुमारास उघड झालं आणि ही पद्धत मोडीत निघाली.

तिच्याबरोबर पाणवठा गणनेचं वजनही गेलं. वैशाखी पौर्णिमेला मचाणावर रात्रभर बसायचं, पाण्यावर येणारं जनावर, वेळ, नर-मादी, पिल्लं तक्त्यात भरायची, हा शिरस्ता. जळगाव-धुळ्याकडचे विद्यार्थी, शिक्षक, पक्षीमित्र यांना जंगलात अधिकृतपणे रात्र काढायला मिळायची ती याच निमित्ताने. गेल्या दशकात महाराष्ट्रात या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणायला लागले, बऱ्याच ठिकाणी शुल्कही आलं आणि तिथली नोंद अधिकृत संख्येसाठी धरायची नाही असं ठरलं.

या निर्णयावर अजून वाद होतो. शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर तो बरोबरच होता. एकच अस्वल एका रात्रीत दोन पाणवठ्यांवर येऊ शकतं आणि वळवाची एक सर पडली की जनावरं पाणवठ्याकडे फिरकतही नाहीत. मुक्ताईनगरकडे तर हिशेबच निराळा. तिथे डोलारखेडा परिसरात वाघ पूर्णेकाठच्या केळीच्या बागांत वावरतो. बाग बारमाही भिजलेली, गार, दाट सावलीची. त्याला मे महिन्यात वनखात्याच्या पाणवठ्यावर यायची गरजच काय? तिथे मचाणावर बसून कोरा तक्ता आणला म्हणजे वाघ नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. या पट्ट्याला 2014 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

पण संख्येसाठी निरुपयोगी ठरलेली नोंद सगळ्याच कामासाठी निरुपयोगी ठरवणं मला मान्य नाही. व्याघ्रप्रकल्पांत कॅमेरे आहेत, संशोधक आहेत. यावल-चोपड्याच्या डोंगरांना तेवढं लक्ष कधी मिळालं नाही. तिथे तरस, चौसिंगा, अस्वल अमुक वर्षी अमुक पाणवठ्यावर दिसलं, एवढी हजेरीसुद्धा मोलाची आहे.

सामान्य दिसणारी नोंद किती पुढे नेते, हे रानपिंगळ्याने याच मातीत दाखवलं. या छोट्या घुबडाचे शेवटचे खरे नमुने 1880 च्या दशकात खानदेशातून गोळा झाले होते. पुढे एका ब्रिटिश संग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीत तो मिळवल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो नमुना खानदेशातूनच गोळा झालेला, संग्रहालयातून चोरून नवं लेबल लावलेला निघाला. खोटं ठिकाण बाजूला पडलं, जुन्या अस्सल लेबलांवरच्या गावांचा माग काढला गेला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ अमेरिकन अभ्यासकांना रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल 113 वर्षांनी! पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो सापडला आणि 2018 मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ गटात आला. हा पक्षी दिवसाही निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो, त्यामुळे पाहणीत नवख्या स्वयंसेवकाचीही मदत होते. पाड्यावरचा पावरा आदिवासी माणूस सोबत असेल तर ढोली शोधायला वेळ लागत नाही.

2006 पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्र अंदाजात स्वयंसेवकाचं काम बदललं. पहाटे वनरक्षकासोबत ठरलेल्या वाटा चालायच्या, विष्ठा, ओरखडे, ठसे टिपायचे, मग दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर तृणभक्षी मोजायचे. वाघाची ओळख आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, पटवतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लागतो, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात.

यातही वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीला जागा आहे. आकडा जाहीर करू नये, हे ठीक. पण भरलेले तक्ते वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात वर्षवार लावून ठेवावेत आणि अभ्यासाला मागणाऱ्याला दाखवावेत. त्याला नवा निधी लागत नाही.