न्यूयॉर्कला निघालेलं विमान बर्फात का घुसतं?

आमच्या आतेचा नातू पहाटे मुंबईहून न्यूयॉर्कला निघाला. दुपारची जेवणं व्हायच्या आत आते पडवीत बसून त्याचं विमान मोबाइलच्या नकाशावर शोधत होती. सापडलं ते आइसलँडजवळ. "न्यूयॉर्क पश्चिमेक मा रे? मगे ह्यां इमान बर्फात कित्याक घुसलां?"

प्रश्न चोख होता. उत्तरासाठी मी घरातलं गोल, पट्टेवालं कलिंगड पुढ्यात घेतलं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव, देठापासून निघालेले पट्टे म्हणजे रेखावृत्तं. एक टाचणी मध्यापासून जरा वर टोचली, ती मुंबई. दुसरी पलीकडच्या अंगाला, देठाकडे थोडी आणखी सरकवून, ते न्यूयॉर्क. दोघींमध्ये जाळं शिवायचा दोरा आडवा धरला आणि ताणला. दोरा आपसूक सरकत वर देठाकडे गेला. ताणलेला दोरा नेहमी कमीत कमी लांबीची वाट शोधतो, आणि ती वाट उत्तरेकडून होती.

असं का? अक्षवृत्तं ध्रुवाकडे लहान लहान होत जातात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश ओलांडायला सुमारे 105 किलोमीटर जावं लागतं, 60 अंश उत्तरेला जेमतेम 56. शिवाय वर्तुळ जितकं मोठं तितका त्याचा बाक कमी. दोन्ही टाचण्या आणि कलिंगडाचा मध्य यांतून सुरी फिरवली, तर सालीवर उमटणारं वर्तुळ हे सगळ्यांत मोठं, म्हणून सगळ्यांत कमी बाकाचं. याला बृहद्वृत्त म्हणतात. त्यावरून मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे 12,500 किलोमीटर भरतं आणि वाट 64 अंश उत्तरेच्याही वर चढते. होकायंत्राची एकच दिशा धरून इजिप्त, लिबिया, अल्जीरियावरून गेलात, तर तेच 14,200 होतं. गंमत म्हणजे मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या 1569 च्या नकाशावर ही लांबची वाटच सरळ रेघ दिसते. तो नकाशा दर्यावर्दींसाठी होता. आपण तो शाळेच्या भिंतीवर टांगला.

आता वेळ. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला अमेरिका आयतीच समोरून येते, असा एक फॉरवर्ड फिरत असतो. तो चूक आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या जेट प्रवाहामुळे. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरणारी होडी आणि त्याच पाण्याला तोंड देत बाहेर पडणारी होडी, तसंच हे. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 आणि वारा सरासरी 70 धरला, तर जाताना 15 तास, येताना 13. बंद हवाई हद्दींचा वळसा वेगळाच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली होती.

राहता राहिला दिशाशूळ. शुक्रवारी पश्चिमेला जायचं नाही, म्हणून आतेने नातवाचं तिकीट शनिवारचं करायला लावलं होतं. मी सांगितलं, बृहद्वृत्तावर मुंबईहून विमान पश्चिमेला निघतच नाही. उत्तरेपासून जेमतेम 27 अंश डावीकडे त्याचं तोंड असतं. न्यूयॉर्कहून परततानाही ते आधी उत्तरेकडेच झुकतं, फक्त उजव्या अंगाने.

आतेने कॅलेंडर खाली काढलं. मंगळवार-बुधवारी उत्तर वर्ज्य.

"मगे येताना तेका मंगळवार-बुधवारचां तिकीट काढूक देव नको."