पुणेरीपणा

पुणेरीपणा : पुणे शहराच्या, त्यातही तिथल्या जुन्या पेठांच्या नावावर जमा असलेला स्वभावविशेष. मोजक्या शब्दांत पुरेपूर टोमणा, वेळेचा काटेकोरपणा (विशेषतः स्वतःच्या), नियमावर बोट, शुद्ध बोलण्याचा आग्रह आणि कोणत्याही विषयावर हातचे न राखता मत देणे ही त्याची ढोबळ लक्षणे. सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठा त्याचे माहेर समजल्या जातात. हा शब्द पुण्याबाहेरचे लोक चिडून वापरतात, पुणेकर कौतुकाने.

२०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. एवढ्या सगळ्यांचा स्वभाव एक असणे शक्यच नाही. ज्याला पुणेरीपणा म्हणतात तो मूठभर पेठांमधल्या पांढरपेशा, बहुतांशी ब्राह्मण वर्गाचा. लष्कर भागातल्या पारशी-इराण्यांचा, भवानी पेठेतल्या व्यापाऱ्यांचा, येरवड्याच्या वस्त्यांचा किंवा खडकीच्या कारखान्यांतल्या कामगारांचा स्वभाव त्यात कधी मोजलाच गेला नाही. लिहिणारे, छापणारे आणि भाषणे करणारे पेठांत राहत होते. त्यामुळे त्यांचा स्वभाव तो शहराचा स्वभाव झाला.

मूळचे पुणेकर

गंमत अशी की हा वर्गही मूळचा इथला नव्हे. पेशवे घराणे कोकणातल्या श्रीवर्धनचे. पहिल्या बाजीरावाने सासवडहून मुक्काम हलवला, १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी झाली आणि घाटाखालची घराणीच्या घराणी मागोमाग वर आली. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी पुण्याला आवाज दिला त्यांची गावे पाहिली तरी तेच दिसते : टिळक रत्नागिरीचे, गोखले कोतळूकचे, आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, धोंडो केशव कर्वे मुरूडचे. फुले घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे. खाण्यापिण्यातही वेगळे नाही. अमृततुल्य चहा राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी रुजवला, बनमस्का इराण्यांचा, इडली-डोसा उडुपीकडच्या शेट्टींचा, आणि बाकरवडीवाले चितळे सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीचे. पुण्यात दोन पिढ्या काढल्या की माणूस तिसऱ्याला ‘बाहेरचा’ म्हणू लागतो; शहराची खरी परंपरा हीच म्हणावी लागेल.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. राज्य गेले, दरबार गेला, श्रावणातली दक्षिणा आटली. मागे राहिले ते शास्त्र, हिशेब आणि अक्षर यांवर पोट असलेले लोक. पुढची शंभर वर्षे या लोकांनी शाळा काढल्या, सभा स्थापल्या, वर्तमानपत्रे चालवली आणि एकमेकांवर तुटून पडले. १८७० ची सार्वजनिक सभा, १८७५ ची वसंत व्याख्यानमाला, १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ चे ‘केसरी’ आणि ‘मराठा’. सत्ता हातात नसलेल्या माणसाला मत फार प्रिय असते. पुणेरी तोऱ्याचे मूळ तिथे शोधायला हरकत नाही.

चहाचा कप

त्या काळच्या पुण्याला कशाचे वावडे होते हे समजायला एक प्रसंग पुरेसा आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये वेताळ पेठेतल्या (आजच्या गुरुवार पेठेतल्या) पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानासाठी बोलावले होते. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटे आली. ख्रिस्त्याच्या घरचा चहा! काहींनी घेतला, काहींनी यजमानाचा मान राखण्यापुरता कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हे सगळे जमवून आणण्यात गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) यांचा हात होता. अंगात खोडी मुरलेल्या या गृहस्थाने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून टाकली.

मग पुण्यात जे सुरू झाले त्याला ग्रामण्य म्हणतात, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्यावरून उठलेला वाद. सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले, चौकशी बसली, कोणी चहा प्याला, कोणी नुसता हातात धरला, प्यालेल्याने प्रायश्चित्त किती घ्यायचे यावर शास्त्रार्थ झडले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांनी त्यांनाच धारेवर धरले. एका कपासाठी दीड-दोन वर्षे शहर भांडत होते. आज त्याच गुरुवार पेठेत कोणत्याही कोपऱ्यावर चहा उकळत असतो आणि पितळी भांड्यामागे कोण उभा आहे हे विचारायचे कोणाच्या डोक्यातही येत नाही. भांडणाची हौस मात्र शाबूत आहे. फक्त आता चहा पाणचट आहे की नाही यावर होते.

आधी शेण, मग पाटी

पुण्याची बदलण्याची रीत ठरलेली दिसते. आधी विरोध करायचा, तोही सोवळ्याने आणि सविस्तर. मग दोन-तीन पिढ्यांनी त्याच माणसाचे नाव रस्त्याला द्यायचे.

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड येत. बदलायला दुसरे लुगडे त्या बरोबर ठेवत असे सांगतात. १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा मुलींना असले शिक्षण कशाला म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. त्याच पेठांतल्या आज्या-पणज्या पुढे हुजूरपागेत शिकल्या आणि ‘आम्ही हुजूरपागेच्या’ असे ताठ मानेने सांगू लागल्या. कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांचा आश्रम शहरापासून लांब हिंगण्याच्या माळावर गेला. आता तिकडे जाणारा रस्ताच कर्वे रस्ता आहे आणि पुण्यातल्या गजबजलेल्या रस्त्यांत मोडतो.

हे बदल आपसूक झाले नाहीत. १९२५ मध्ये फुल्यांचा पुतळा नगरपालिकेने उभारावा असा प्रस्ताव केशवराव जेधे यांनी मांडला, तेव्हा फुले जाऊन पस्तीस वर्षे झाली होती, तरी पेठा खवळल्या. १९२९ मध्ये पर्वतीच्या देवळात प्रवेश मागणाऱ्या दलित सत्याग्रहींवर दगडफेक झाली. म्हणजे प्रत्येक पायरी कोणीतरी बाहेरून रेटली, तेव्हा पेठ एक पायरी सरकली. १८८६ चे रे मार्केट कालांतराने महात्मा फुले मंडई झाले. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. शाळेचा भिडे वाडा मात्र दगडूशेठ गणपतीच्या समोर वर्षानुवर्षे पडक्या अवस्थेत उभा होता. खाली दुकाने आणि वर कोर्टाची तारीख. निकाल लागून राष्ट्रीय स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. दर्शनाच्या रांगेतल्या कितीजणांनी तोवर मान वळवून त्या वाड्याकडे पाहिले असेल, शंका आहे.

एका अर्थी विरोधाची तऱ्हाही बदलली आणि ती सुधारली असे म्हणवत नाही. जुना विरोध अग्रलेखाचा, बहिष्काराचा आणि प्रायश्चित्ताचा होता. त्रासदायक, पण वादाला जागा ठेवणारा. (दगड-शेण तेव्हाही होतेच, हे विसरू नये.) नाना फडणविसांच्या चित्रणावरून १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावर वादळ उठले आणि ते करणाऱ्या संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हाही भांडण बरेचसे पत्रांतून आणि सभांतून झाले. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव घुसला आणि पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर, सकाळी फिरायला निघाले असताना, गोळ्या घातल्या. व्याख्यानमालांचे शहर म्हणून मिरवणाऱ्यांनी या दोन तारखा वगळून पुण्याचा स्वभाव सांगू नये.

पूर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. जुने पुणेकर अजून ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी वर्षे मोजतात. पाण्याने वाहून नेली ती नुसती घरे नव्हती. वाडा म्हणजे मालक, दहा-बारा बिऱ्हाडे, एक चौक, एक नळ, एक जिना आणि कोणाच्या घरी काय शिजते याची सर्वांना खबर. गोखलेनगर, सहकारनगरसारख्या नव्या वसाहतींत गेलेल्यांना दार लावायची सवय लागली. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडकडे कारखाने उभे राहत होते. शिक्षक आणि कारकुनांच्या शहरात पाळीचा भोंगा ऐकू येऊ लागला. सायकली जाऊन स्कूटर आल्या. पुढे पेठांतली मुले वाडा बिल्डरला देऊन कोथरूडला गेली, नातवंडे अमेरिकेला. नव्वदीच्या दशकात हिंजवडीत आयटी पार्क आले आणि घराच्या जाहिराती इंग्रजीत छापू लागले.

पाटी

पुणेरी पाटीचा उगम विक्षिप्तपणात शोधतात. माझ्या मते तो वाड्यातल्या सामाईक नळात आहे. इतकी बिऱ्हाडे एकाच जिन्यावर, रोज समोरासमोर. तोंडाने भांडले तर उद्या हळदी-कुंकवाला जायचे कसे? मग खडूने फळ्यावर लिहायचे : ‘जिन्यात चपला काढू नयेत.’ कर्मणी प्रयोग, नाव कोणाचेच नाही, ज्याला लागायचे त्याला बरोबर लागते. पाटी म्हणजे तोंड न उघडता केलेले भांडण. ‘पत्ता विचारू नये’, ‘बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही’ हे त्याच घराण्यातले वंशज. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्यामागेही माजापेक्षा वाड्याचा दिनक्रम होता : वर घर, खाली दुकान, मध्ये जेवण आणि वामकुक्षी. नोकरी करणारी सून दुपारीच सुटी काढून खरेदीला येते हे लक्षात आल्यावर तीही प्रथा ढिली पडली. चितळ्यांनी दुपारी दुकान उघडे ठेवायचे ठरवले ही महाराष्ट्रात बातमी झाली, यातच सगळे आले.

वाडे गेल्यावर पाट्यांचे प्रदर्शन भरू लागले. त्या चहाच्या मगांवर आल्या, टी-शर्टवर आल्या, व्हॉट्सॲपवर तर रोज नव्या निघतात आणि त्यांतल्या निम्म्या पुण्यात कधी लागलेल्याच नसतात. पगडीचेही तेच. डोक्यावरून उतरून कित्येक दशके झाल्यावर २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१८ मध्ये पाहुण्यांचा सत्कार पुणेरी पगडीने करायचा की फुले पगडीने, यावर राज्यभर चर्चा झाली. रोजच्या वापरातली वस्तू कोणी अशी जपत नाही. अजून जिवंत काय आहे ते हेल्मेटसक्तीच्या वेळी दिसते. २०१९ च्या सुरुवातीला पोलिसांनी दंड सुरू केला तेव्हा विरोधात कृती समिती स्थापन झाली, मोर्चा निघाला आणि मानेच्या मणक्यापासून घटनेतल्या स्वातंत्र्यापर्यंत मुद्दे मांडले गेले. समिती, मोर्चा, मुद्दे : सार्वजनिक सभेपासूनची सवय.

आजच्या पेठा

सदाशिव पेठेत आज सगळ्यात जास्त ऐकू येते ती बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याकडची मराठी. स्पर्धा परीक्षांसाठी आलेली हजारो मुले-मुली जुन्या वाड्यांच्या आणि इमारतींच्या खोल्यांत ‘कॉट बेसिस’वर राहतात, म्हणजे भाडे खोलीचे नाही, खाटेचे. तळमजल्यावर अभ्यासिका, पलीकडे मेस, कोपऱ्यावर झेरॉक्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका. ११ मार्च २०२१ रोजी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली, तेव्हा ही मुले शास्त्री रस्त्यावर ठिय्या देऊन बसली. ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणणारे काका-काकू त्यांच्याच भाड्यावर औषधपाणी भागवतात आणि परदेशातल्या मुलाचा फोन लागला नाही तर खोलीतल्या पोराला हाक मारतात. त्या पोराला सहा महिन्यांत ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक ऐकवला जातो. दोन वर्षांत तोच नव्याने आलेल्याला मेसमध्ये ताट कुठे ठेवायचे ते ऐकवतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका जिन्यात वहीच्या कागदावर बॉलपेनने लिहिलेली सूचना पाहिली : ‘ओली छत्री आत आणू नये. आणल्यास पुसून घ्यावे. कोण आणतो ते माहीत आहे.’ खाली मालकाची सही नव्हती. ‘समस्त कॉटधारक’ असे लिहिले होते.